खेळण्याचा खोका उघडून कोण दाखवणार?

सहामाही परीक्षा संपते, शाळेला दिवाळीची सुट्टी लागते आणि पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. रस्त्याकडेला मातीची चित्रं मांडलेली असतात. सिंहासनावरचे शिवाजी महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफा, गवळणी, गुहेच्या तोंडाशी बसवायचा वाघ. घरी किल्ल्यावर आळीव पेरून झालेले असतात, आता त्यावर माणसं यायची असतात. मुलं एकेक मावळा हातात घेऊन उलटसुलट बघतात. भाल्याचं टोक शाबूत आहे ना, रंग वाळलाय ना, बूड सपाट आहे ना, सोडल्यावर उभा राहतो ना. विकणाऱ्या मावशी सहसा अडवत नाहीत. हातातून निसटेलसं वाटलं तरच "सांभाळून रे बाळा" म्हणतात.

गल्लीतल्या खेळण्यांच्या दुकानातही पूर्वी हेच चालायचं. दुकानदार काचेच्या कपाटातून खोका काढायचा, जवळचे सेल घालून गाडी काउंटरवर चालवून दाखवायचा आणि मग विचारायचा, "मूल केवढं आहे?" दोन वर्षांचं म्हटलं की तो खोका परत कपाटात जायचा. "हे नका घेऊ ताई, चाकं निघतात याची." खेळणं तपासायचं आणि कोणाला काय द्यायचं ते ठरवायचं काम असं काउंटरच्या पलीकडचा माणूस करून टाकायचा.

आज बरीच खेळणी फोनच्या पडद्यावर निवडली जातात. मॉलमधल्या दुकानात खोका चिकटपट्टीनं बंद असतो आणि तिथल्या मुलाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे धावायचं असतं. दुकानदाराचं ते जुनं काम आता पालकांच्या अंगावर येऊन पडलं आहे. ते कसं करायचं हे दिवाळीच्या खरेदीला निघण्यापूर्वीच समजून घेतलेलं बरं. पण त्याआधी, दुकानांचं असं का झालं हेही जरा बघायला हवं, कारण कुठे खरेदी करावी याचं उत्तर त्यातच आहे.

एका साम्राज्याची गोष्ट

चार्ल्स लॅझारस यांनी १९४८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीला लहान मुलांच्या फर्निचरचं दुकान काढलं. पाळणा एकदा घेतला की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, खेळणं मात्र मोडतं आणि गिऱ्हाईक परत येतं, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. १९५७ मध्ये शेजारच्या मेरीलँड राज्यात रॉकव्हिलला त्यांनी फक्त खेळण्यांचं दुकान उघडलं आणि त्याला नाव दिलं 'टॉइज आर अस'. किराणा मालाच्या सुपरमार्केटसारखं भलंमोठं दुकान, ढकलगाडी घेऊन फिरायचं, रचून ठेवलेल्या खोक्यांतून हवं ते उचलायचं. पुढची तीस-चाळीस वर्षं ही पद्धत जोरात चालली आणि तिच्यापुढे गावोगावची छोटी दुकानं मागे पडली.

मग पाळी या मोठ्या दुकानावर आली. वॉलमार्टसारख्या दुकानांनी नाताळात खेळणी इतक्या कमी नफ्यावर विकायला सुरुवात केली की त्या भावात केवळ खेळण्यांवर जगणाऱ्या दुकानाला टिकणं अवघड झालं. २००० साली 'टॉइज आर अस'नं आपली ऑनलाइन विक्री दहा वर्षांच्या करारानं ॲमेझॉनकडे सोपवली. तो करार पुढे कोर्टात गेला आणि २००६ मध्ये मोडला, पण स्वतःचं ऑनलाइन दुकान उभारायची मोक्याची वर्षं तोपर्यंत हातची गेली होती.

सगळ्यात मोठा घाव मात्र कर्जाचा होता. २००५ मध्ये तीन गुंतवणूक कंपन्यांनी ही कंपनी सुमारे ६६० कोटी डॉलरला विकत घेतली. त्यातले बहुतेक पैसे कर्जाऊ होते आणि ते कर्ज चढलं कंपनीच्याच डोक्यावर. वर्षाला ४० कोटी डॉलरच्या वर रक्कम कर्ज फेडण्यातच जाऊ लागली. दुकानं नवी करायला, जास्त माणसं ठेवायला, मुलांना खेळायला जागा करायला पैसा उरला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये, नाताळच्या हंगामाच्या तोंडावर, कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली सातशेहून अधिक दुकानं बंद करण्याचा निर्णय झाला आणि तीस हजारांहून अधिक माणसांची नोकरी गेली. या घोषणेनंतर आठवड्याभरातच लॅझारस वारले. ते ९४ वर्षांचे होते. नावाची किंमत मात्र शिल्लक होती. २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीनं ते विकत घेतलं आणि आता मेसीज या दुकानांच्या साखळीत त्या नावाचे विभाग पुन्हा दिसतात.

ऑनलाइननं दुकान खाल्लं, असं या गोष्टीचं सार सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खोके रचून ठेवणं एवढंच ज्या दुकानाला जमत होतं, त्याचं काम गोदाम जास्त स्वस्तात करू शकलं.

याच्या उलट उदाहरण लंडनचं. 'हॅमलीज' हे दुकान १७६० सालचं. रीजंट स्ट्रीटवरच्या त्याच्या मोठ्या दुकानात माणसं खेळणी हातात घेऊन खेळत असतात. कोणी विमान उडवतं, कोणी साबणाचे फुगे सोडतं, कोणी जादू करून दाखवतं. मालक कितीदा बदलले तरी दुकान टिकलं. भारतात त्याची पहिली शाखा २०१० मध्ये मुंबईत उघडली आणि २०१९ मध्ये तर रिलायन्सनं चिनी मालकाकडून ही सगळी कंपनीच सुमारे ६२० कोटी रुपयांना घेतली. खेळणं हाताळू देणाऱ्या दुकानात लोक आजही जातात. भाव तिथे चढे असतात, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे बाजार तिसऱ्याच बाजूनं हलला. लहान मुलांच्या वस्तू ऑनलाइन विकणारी 'फर्स्टक्राय' २०१० मध्ये पुण्यात सुरू झाली आणि पुढे तिनं गावोगावी प्रत्यक्ष दुकानंही उघडली. अलीकडे ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट दूध-भाजीबरोबर खेळणीही दहा-वीस मिनिटांत दारात आणून देतात. वाढदिवसाच्या आमंत्रणाची आठवण संध्याकाळी पाच वाजता झाली तर ही सोय देवासारखी धावून येते. पण घाईघाईत मागवलेलं खेळणं कोणीच तपासलेलं नसतं.

आयएसआय खूण कशी वाचायची

तपासणी का हवी, याचं उत्तर २०१९ मधल्या एका चाचणीत आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेनं दिल्ली आणि आसपासच्या बाजारातून आयात खेळण्यांचे १२१ नमुने विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासले. त्यातले ६६.९ टक्के नमुने सुरक्षिततेच्या कसोटीत नापास झाले.

त्यानंतर सरकारनं दोन पावलं उचलली. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेलं. दुसरं पाऊल ग्राहकाच्या जास्त कामाचं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची आयएसआय खूण सक्तीची झाली. खेळणं देशातलं असो की परदेशातलं, नियम एकच. सरकारी आकडेवारीनुसार २०१८-१९ मध्ये ३७ कोटी डॉलरच्या घरात असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ पर्यंत ११ कोटी डॉलरवर आली आणि निर्यात २० कोटींवरून ३२ कोटी डॉलरच्या पुढे गेली.

नियम झाला म्हणून खूण नसलेला माल बाजारातून नाहीसा झाला असं मात्र नाही. २०२३ च्या जानेवारीपर्यंतच्या एका महिन्यात ब्यूरोनं ठिकठिकाणच्या दुकानांतून खूण नसलेली १८ हजारांहून अधिक खेळणी जप्त केली. त्यात मॉलमधली आणि विमानतळांवरची चकचकीत दुकानंही होती. दुकान भारी दिसतं म्हणून माल तपासायचा नाही, असं करून चालत नाही.

खोका हातात घेतल्यावर आयएसआयचं चिन्ह शोधा आणि त्याच्या वर-खाली काय लिहिलंय ते वाचा. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली 'सीएम/एल' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसतं चिन्ह छापलंय आणि हा क्रमांकच नाही, तर शंका घ्या. फोनवर 'बीआयएस केअर' हे मोफत ॲप उतरवून घ्या. त्यात परवाना क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. ते नाव खोक्यावरच्या नावाशी जुळायला हवं. या सगळ्याला दुकानात उभ्या-उभ्या एक मिनिट लागतं. ऑनलाइन घेताना खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो बघा. तो दिलेलाच नसेल तर दुसऱ्या विक्रेत्याकडे वळा.

खोक्यावर आणखीही गोष्टी हव्यात. कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव आणि पत्ता, ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क, आयात माल असेल तर मूळ देशाचं नाव. लाल वर्तुळात लहान बाळाचा चेहरा आणि '०-३' लिहून त्यावर काट मारलेली असेल, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही. "आमचा हुशार आहे, त्याला जमेल" हा विचार इथे बाजूला ठेवा. ती खूण मुलाच्या बुद्धीबद्दल बोलत नाही, त्याच्या घशाबद्दल बोलते.

दहा सेंटीमीटरची कागदाची पट्टी

लहान तुकडे घशात अडकणं हा खेळण्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत जीवघेणा धोका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची प्रयोगशाळेत चाचणी घेताना ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. खेळणं किंवा त्याचा सुटा भाग दाबून न बसवता त्या नळीत पूर्ण मावला, तर ते नापास.

ही नळी घरी दोन मिनिटांत करता येते. जाड कागदाची किंवा जुन्या पत्रिकेची सहा सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. लांबी बारा सेंटीमीटर ठेवा आणि एका टोकापासून बरोबर दहा सेंटीमीटरवर पेन्सिलनं रेघ मारा. पट्टी गोल वळवून ते टोक रेघेवर आणा आणि चिकटवा. परिघ दहा सेंटीमीटर झाला की व्यास येतो साधारण ३२ मिलिमीटर. ही नळी पर्समध्ये चपटी होऊन मावते. दुकानात गाडीचं चाक, बाहुलीचा बूट, भातुकलीतली वाटी असं जे काही सुटं आहे किंवा ओढल्यावर सुटेल असं वाटतं, ते तिच्यात टाकून बघा. आत गडप झालं तर ते खेळणं तीन वर्षांखालचं मूल असलेल्या घरासाठी नाही. या मापात आजीचे सागरगोटे आणि दादाच्या गोट्याही येतात. मोठ्या भावंडांचे असे खेळ वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर ठेवावे लागतात.

बाहुलीचे डोळे चिमटीत धरून ओढून बघा. भरलेल्या अस्वलाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. ओढगाडीची किंवा पाळण्यावर टांगायच्या खेळण्याची दोरी वीतभरापेक्षा लांब असेल तर ती तान्ह्या बाळाच्या गळ्याभोवती अडकू शकते. रंगीत लाकडी खेळण्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर बाळ ते तोंडात घालणार हे लक्षात घ्या. रंगात शिसं आहे की नाही हे मात्र फडक्यावरून कळत नाही, त्यासाठी परवाना क्रमांकाचाच आधार घ्यावा लागतो. २००७ मध्ये मॅटेल या बड्या कंपनीला रंगातल्या शिशापायी एकट्या अमेरिकेतून जवळपास दहा लाख खेळणी परत मागवावी लागली होती. तो रंग डोळ्यांना इतर रंगांसारखाच दिसत होता.

चार गोष्टी घरात येण्याआधी

बटण सेल. गाणारी पुस्तकं, चमकणारे बूट, छोटे रिमोट यांत रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान, चपटा सेल असतो. मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा भाजून निघते. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत असेल तरच असं खेळणं घ्या. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, केळं-भात भरवून वाट बघू नका. लगेच एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

चुंबक. चुंबकाच्या गोळ्यांचे आणि पट्ट्यांचे खेळ मोठ्या मुलांना फार आवडतात. एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधल्या भागाला भोक पडू शकतं. प्लॅस्टिकच्या जाड ठोकळ्यात पक्के बंद केलेले चुंबक एकवेळ चालतील, सुट्या गोळ्या नकोत.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी. फुलदाणीत टाकायचे साबुदाण्याएवढे दाणे पाण्यात गोटीएवढे किंवा त्याहून मोठे होतात. पोटात गेले तर तिथेही फुगतात आणि आतडं अडवतात. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी २०२३ च्या अखेरीस मुलांसाठी म्हणून असे मणी विकणं थांबवलं. आपल्याकडे ते जत्रेत आणि ऑनलाइन सर्रास मिळतात.

चौथी गोष्ट खास दिवाळीची. छऱ्याच्या बंदुका आणि पाइपमध्ये कार्बाइड घालून उडवायची देशी 'गन'. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा कार्बाइड गननं कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. रील बघून मुलं ती घरीही करू पाहतात, तेव्हा सुट्टी लागायच्या आधीच त्यांच्याशी याबद्दल बोलून ठेवा.

फुगे यात धरलेले नाहीत, पण फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो. वाढदिवस संपला की तुकडे वेचण्याचं काम मोठ्यांनी करावं.

कोणासाठी काय

वर्षाच्या आतल्या बाळाला आवाज करणारं, धरता येईल असं, तोंडात घातलं तरी चालेल असं काही हवं. दोन-तीन पुरे. खेळण्याचा आवाज स्वतःच्या कानाशी धरून बघा. मोठ्या माणसाला नकोसा वाटला तर तो बाळालाही नकोच.

एक ते तीन या वयात ढकलायचं, ओढायचं, रचायचं आणि पाडायचं. लाकडी ठोकळे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, ढकलगाडी. एकच बटण दाबल्यावर नाचणारं माकड पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेतं आणि चौथ्या दिवशी कोपऱ्यात पडतं. ठोकळे मात्र वर्षभर कधी बस होतात, कधी भिंत, कधी आजोबांचं औषध.

तीन ते सहा म्हणजे भातुकलीचं वय. तुळशीबागेत पितळी, स्टीलची चिमुकली भांडी मिळतात. चूल, पोळपाट-लाटणं, किसणी, खलबत्ता, सगळं अगदी खऱ्यासारखं. किसणीची धार आणि पत्र्याच्या कडा बोट फिरवून तपासा. आणि भातुकली मुलग्यांसाठीही घ्या. चहा करून पाहुण्यांना द्यायला त्यांनाही तितकंच आवडतं.

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना नियम हवे असतात. सापशिडी, व्यापार, कॅरम, पत्ते, लगोरी, मेकॅनो, पतंग. या वयाला एकट्यानं खेळायच्या महागड्या खेळण्यापेक्षा चौघांनी मिळून खेळायचा खेळ जास्त दिवस पुरतो. दहाच्या पुढच्या मुलाला विचारूनच घ्या. हातखर्चातून थोडी भर त्यानं घातली तर तो स्वतःच भाव बघू लागतो.

कुठे जायचं

दिवाळीत कोकणात जाणं होत असेल तर सावंतवाडीच्या मोती तलावाजवळच्या चितारआळीत एक संध्याकाळ काढा. लाकडी आंबे, केळी, फणस, वांगी, पाटा-वरवंटा, जातं, बाहुल्या, भोवरे. तिथल्या गंजिफांचे गोल, हातानं रंगवलेले पत्ते भोसले राजघराण्याच्या आश्रयानं पुन्हा उभे राहिले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पत्ते असतात. हा संच मुलाच्या हाती खेळायला देण्याजोगा स्वस्त नाही, पण घरात सगळ्यांनी मिळून बघावा असा नक्की आहे. विकत घेताना "रंग कुठला वापरता, बाळानं तोंडात घातलं तर चालेल का?" असं सरळ विचारा. करणारा माणूस समोर असतो आणि तो खरं सांगतो. फळांचा शोभेचा संच आणि खेळायचा संच यांत फरक असतो, तो इथेच कळतो.

बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचं चन्नपट्टणही असंच. तिथे लाकूड कातावर फिरत असताना रंगीत लाख टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळते आणि लाकडावर बसते. कडा गोल, अंग गुळगुळीत, त्यामुळे लहान बाळासाठी ही खेळणी चांगली. या नावानं नकली मालही विकला जातो, म्हणून ओळखीच्या किंवा सरकारी हस्तकला दुकानातून घ्यावीत. विकास आयुक्तांच्या हस्तशिल्प कार्यालयात नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत उत्पादकांना आयएसआय खुणेतून सूट आहे. तेव्हा अशा खेळण्यावर ती खूण नसली तर घाबरू नका, मात्र सुटे भाग आणि रंग स्वतः तपासा.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला घाऊक भावात खेळणी मिळतात. सोसायटीतल्या मुलांना वाटायच्या भेटी, वाढदिवसाचं सामान यासाठी ते ठिकाण सोयीचं. भाव कमी असतो तिथे खूण दोनदा बघा, कारण बिननावाचा माल अशाच गर्दीत खपतो. भारतीय कंपन्यांचीही आता भरपूर निवड आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या फनस्कूलचा कारखाना तर आपल्या शेजारी गोव्यातच आहे.

गल्लीतलं दुकान अजून उघडं असेल तर पहिली फेरी तिथेच मारा. "काका, जरा चालवून दाखवता?" एवढं विचारा. तो खोका उघडून दाखवत असेल, मुलाचं वय विचारत असेल, सेल सैल झाला तर दोन दिवसांनी नीट करून देत असेल, तर ऑनलाइनपेक्षा पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी ते त्या कामाचे पैसे आहेत. तिथे खेळणं हाताळायचं, फोटो काढायचा आणि घरी येऊन दुसरीकडून मागवायचं, असं करू नये. असं करत राहिलो तर पुढच्या दिवाळीत हाताळायला दुकानच राहणार नाही.

ऑनलाइन घ्यायचंच असेल तर ज्याची माहिती पक्की आहे ते घ्या. कॅरमचा स्ट्रायकर, ओळखीच्या कंपनीचा बैठा खेळ, आधी दुकानात पाहिलेला ठोकळ्यांचा पुढचा संच. फोटोत खेळणं नेहमीच मोठं दिसतं, म्हणून सेंटीमीटरमधलं माप वाचा आणि जमिनीवर पट्टी ठेवून बघा. अभिप्रायांतले एक आणि दोन ताऱ्यांचे आधी वाचा. खेळण्याचं काय मोडतं ते तिथेच लिहिलेलं असतं.

अमेरिकेतल्या मावशी-काका नाताळाच्या सुट्टीत येताना सामानातून खेळणी आणतात. तिथल्या ११० व्होल्टचा चार्जर आपल्या २३० व्होल्टला चालतो का, हे त्यावरचे बारीक आकडे वाचून मगच प्लग लावा. ते खेळणं कंपनीनं परत मागवलेलं नाही ना, हे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं.

बिल आणि तक्रार

२२ सप्टेंबर २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिल मागा आणि त्यावरचा दर बघा. खरेदी वसुबारसेच्या आधी उरका. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कोणताच दुकानदार खोका उघडून दाखवू शकत नाही.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत दिली असेल ती, आणि दिली नसेल तर ३० दिवस. बिल द्यायला नकार देणं हीदेखील अनुचित प्रथाच. मुलाला आवडलं नाही म्हणून बदलून देणं ही मात्र दुकानदाराची मर्जी, ते आधीच विचारून घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. खूण खोटी निघाली तर 'बीआयएस केअर' ॲपवरूनच कळवता येतं.

आणि सगळंच विकत घ्यावं लागतं असंही नाही. आयआयटी कानपूरला शिकलेल्या अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुन्या सीडी यांतून शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि चित्रफिती इंटरनेटवर मोफत आहेत आणि त्यातली कितीतरी मराठीतही आहेत. सुट्टीच्या एका दुपारी त्यातलं एक खेळणं मुलांबरोबर बसून करा. मोडलं तर कसं जोडायचं ते मुलांना माहीत असतं, कारण केलेलं त्यांनीच असतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला आवरायचा दिवस येतो. त्या दिवशी बंद पडलेल्या खेळण्यांतले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतला पत्रा खातात. मावळे, तोफा, महाराजांचं सिंहासन, सगळं एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, बुटांच्या खोक्यात उभं रचा आणि माळ्यावर टाकण्याआधी खोक्यावर मुलांना यादी लिहायला सांगा. पुढच्या वर्षी कुंभारवाड्यात जाताना ती यादी खिशात असली की ज्याचा भाला मोडलाय त्याच्या जागी एकच नवा मावळा शोधायचा.